बॅण्डसॉचं रबर गेलं होतं आणि आम्ही आठ महिने ब्लेडला शिव्या देत बसलो

आमची शेड कुडाळजवळ. काकांची म्हणजे, मी सुट्टीला आणि आता वर्क फ्रॉम होममुळे वर्षातले निम्मे दिवस तिथेच असतो. काम फार मोठं नाही, सावंतवाडीच्या खेळणीवाल्यांना लागणारे कच्चे आकार कापून द्यायचे (गाडीची चाकं, हत्ती-घोड्याची अंगं, पाटांचे पाय असलं), शिवाय आजूबाजूच्या लोकांच्या फणसाच्या, आंब्याच्या छोट्या फळ्या चिरून द्यायच्या. त्यासाठी एक १४ इंची बॅण्डसॉ (पट्टा करवत) आहे, बिडाच्या फ्रेमची, तैवानी छापाची. कोल्हापुरात शिरोलीकडच्या फाउंड्र्यांना लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) बनवून देणारं एक वर्कशॉप बंद होत होतं तिथनं काकांनी सेकंडहॅण्ड आणली होती. एक एचपी मोटर, सिंगल फेज, ब्लेड साडेत्र्याण्णव इंचाचं.

१४ इंची म्हणजे ब्लेड नाही, चाक १४ इंचाचं. वर एक चाक, खाली एक, त्यांच्यावरनं ब्लेडचा पट्टा फिरतो. आणि त्या बिडाच्या चाकावर रबराची एक पट्टी चढवलेली असते तिला टायर म्हणतात. बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं कारण झाकण कोण उघडतंय. मलाही माहीत नव्हतं, म्हणजे बघितलं होतं पण ते बदलायचं असतं हे डोक्यात आलं नव्हतं.

त्रास सुरू झाला एका पावसाळ्यानंतर. आधी कट वाकडा जायला लागला. रेषेवरनं ढकललं तरी ब्लेड आपलं आपलं एका बाजूला ओढायचं. मग फणसाची पाच इंच रुंदीची फळी उभी धरून चिरली की मधे पोट यायचं, वरखाली बरोबर आणि मधे दोन-तीन मिलिमीटर बाहेर. काकांचं म्हणणं ठरलेलं, "मशीन बरा आसा, ब्लेडच खराब येता आजकाल." म्हणून ब्लेड बदललं. आठवडाभर बरं वाटलं (नवं ब्लेड धारदार असतं, सगळी पापं झाकतं) आणि परत तेच. मग दुसरीकडून ब्लेड मागवलं. मग ब्लेडची टोकं जोडणाऱ्याला दोष दिला, त्याने जॉइंट नीट घासला नाही म्हणून. त्या बिचाऱ्याने दोनदा फुकट घासून दिला. मग गाइडची (ब्लेडला बाजूने आणि मागून सावरतात ती) बेअरिंगं बदलली. मग मोटरचा बेल्ट. आठ महिन्यांत पाच ब्लेडं, चार बेअरिंगं, एक बेल्ट, आणि कट तसाच.

आता मागे वळून बघितलं की खुणा सगळ्या समोर होत्या. भुशात काळे काळे कण यायचे, खोडरबराच्या चुऱ्यासारखे, आम्ही म्हणायचो बेल्टचा असेल. ब्लेड पुढे-मागे डुलायचं, मागच्या बेअरिंगला टेकायचं आणि सुटायचं, टेकायचं आणि सुटायचं. आणि आवाज. मशीन चालू असताना नुसती घरघर वाटायची पण बंद केल्यावर चाकं मंदावत मंदावत थांबतात ना, त्या शेवटच्या दहा सेकंदात घरघर सुटी व्हायची आणि धप, धप, धप असं स्पष्ट ऐकू यायचं. तो आवाज रोज ऐकून कानाला इतका सवयीचा झाला होता की बाहेरनं आलेल्या एका मेस्त्रींनी विचारलं तेव्हा कळलं. ते पाट घ्यायला आले होते, मशीन थांबताना ऐकलं आणि म्हणाले, "ह्येचो रबर मेलो हा."

काकांना पटलं नाही. मला अर्धंच पटलं. कारण धप धप तर ब्लेडच्या जॉइंटनेही होतं, जॉइंट जाड राहिला असेल तर गाइडमधनं जाताना प्रत्येक वेळी टक्क करतो. तर मग ठरवायचं कसं?

इथे साधा हिशोब कामाला आला. १४ इंचाच्या चाकाचा परीघ ४४ इंच. ब्लेड साडेत्र्याण्णव. म्हणजे जॉइंट एकदा येऊन परत त्याच जागी यायला चाकाचे सव्वादोनच्या जरा आत फेरे लागतात. धपका जॉइंटचा असेल तर चाकाच्या दोन फेऱ्यांना एकदा ऐकू येणार, चाकाचा असेल तर दर फेऱ्याला. प्लग काढला (हे दरवेळी सांगायला लागू नये, पण सांगतो, प्लग म्हणजे प्लग, नुसतं बटण नाही), चाकावर खडूने एक रेघ, जॉइंटवर एक ठिपका, आणि हाताने हळूहळू फिरवलं. दर फेऱ्याला ब्लेड एकदा पुढे यायचं. जॉइंट कुठेही असो. म्हणजे ब्लेड सुटलं निर्दोष. पाच ब्लेडांची माफी मागायला हवी होती.

पण चाकं दोन, दोन्ही एकाच मापाची, त्यामुळे वरचं की खालचं हे या हिशोबातनं कळत नाही. ब्लेड उतरवलं. डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) एका मित्राकडे होता पण तो गोव्याला, मग एक जुगाड केला, मॅग्नेटच्या स्टॅण्डला पेन्सिल बांधली, टोक रबराला जेमतेम लागेल असं ठेवलं आणि चाक फिरवलं. जिथे फट पडेल तिथे फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालायचा. वरच्या चाकाला अर्धा मिलिमीटरच्या आसपास फरक. खालच्याला एका ठिकाणी सव्वा मिलिमीटर. आणि त्या ठिकाणी अंगठ्याने दाबलं तर रबर आत जाऊन फुसकन वर आलं, खाली पोकळ.

खालचं चाक जास्त जातं याचं कारण सरळ आहे, भुसा सगळा खालीच पडतो, ब्लेडबरोबर आत जातो आणि रबर आणि ब्लेडच्या मधे दाबला जातो. आमच्याकडे त्यात फणस. फणसाचं लाकूड पूर्ण वाळलं नसेल तर चीक असतोच, तो भुसा रबरावर असा बसतो की खरवडून काढायला लागतो. आमच्या रबराचा जुना गोंद एका जागी सुटला होता आणि त्या फटीतनं भुसा रबराच्या खाली जाऊन त्याचा टणक गोळा झाला होता. तोच धपका.

आता हे टायर नुसतं ब्लेड घसरू नये म्हणून नसतं. दोन कामं अजून आहेत. एक, ब्लेडचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वळवलेले असतात, ते बिडावर आपटले तर वळण जातं आणि ब्लेड लाकडात अडकायला लागतं, रबर त्यांना वाचवतं. (आरा गिरणीतल्या मोठ्या बॅण्डसॉला रबर नसतं, तिथे पट्टा रुंद असतो आणि दात चाकाच्या काठाबाहेर ठेवतात. त्यामुळे गिरणीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो रबर कशाला लागतं.) दुसरं जास्त महत्त्वाचं. आमच्यासारख्या मशीनवर टायरची पाठ सपाट नसते, मधे किंचित उंच असते, काठापेक्षा अर्धा मिलिमीटर वगैरे. जुन्या पिठाच्या गिरणीतला सपाट पट्टा ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल, त्याची पुलीपण मधे फुगीर असते, पट्टा नेहमी उंच भागाकडे चढतो आणि म्हणून मधोमध राहतो, त्याला धरून ठेवायला बाजूला भिंत लागत नाही. तसंच हे. आमच्या टायरचा मधला उंचवटा झिजून उलट खळगा पडला होता. म्हणजे ब्लेडला दोन उंच जागा, एक पुढे एक मागे, आणि ते आपलं त्या दोघांत हेलपाटे घालतंय. कट सरळ येणार कुठनं? आम्ही ट्रॅकिंगचा (ब्लेड चाकावर मधोमध आणायचा) नॉब रोज फिरवत होतो, डोंगराच्या दोन शिखरांमधे गोटी ठेवल्यासारखं.

दुखणं कळल्यावर उपाय सोपा असायला हवा होता. पण काकांना रेडीमेड टायरला पैसे घालायचे नव्हते, पट्टीभर रबराला एवढे? म्हणून पहिला प्रयोग सायकलच्या ट्यूबचा. लहान पोरांच्या १६ इंची सायकलची ट्यूब कापून एक इंचाची गोल पट्टी काढली तर ती चाकावर मस्त ताणून बसते. बसली पण. ब्लेड चढवलं, चालू केलं आणि असा किर्रर्र आवाज आला की दोघांनी एकदम बटणाकडे हात घातला. झालं असं की आमच्या चाकाला खाच आहे, दोन्ही काठ उंच, टायर त्या खाचेत बसतं. जुनं रबर तीन मिलिमीटर जाड होतं, ट्यूब एक मिलिमीटर. म्हणजे ब्लेड रबरावर नाही तर बिडाच्या काठांवर बसलं. तेवढ्यातच नव्या ब्लेडचे दात सपाट. मग काकांनी तीन थर लावू म्हटलं, लावले, ते एकमेकांवरनं सरकत फिरायला लागले, अर्ध्या तासात वरचा थर बाहेर. ज्यांच्या चाकाला खाच नाही, सपाट चाक आहे, त्यांचं ट्यूबवर भागत असेल. आमचं भागलं नाही, आणि सहावं ब्लेड गेलं.

शेडवरच्या एका गिऱ्हाईकाने सुचवलं होतं की रबर शीटची पट्टी कापून फेविकॉल एसआरने चिकटव, मग मशीन फिरवत पॉलिशपेपरने मधे उंचवटा आण. हे चुकीचं नाही, पूर्वी असंच करायचे आणि रबराचं टायर लावलं तर गोंद लावणं आणि वरनं घासून आकार देणं हे करावंच लागतं. पण पट्टीचा सांधा येतो, आणि सांधा म्हणजे परत धपका. मी नको म्हटलं. शेवटी युरेथेनचे (रबरासारखं प्लास्टिक) रेडीमेड टायर मागवले. हे अखंड गोल येतात, गोंदाशिवाय नुसते ताणाने बसतात, चिकाला, तेलाला रबरासारखे दाद देत नाहीत.

मागवताना एक चूक होता होता राहिली. १४ इंची मशीन म्हणून १४ इंची टायर असं टाकून मोकळा होणार होतो. तसं करू नका. जुनं टायर काढून, खाचेच्या तळाचा व्यास, खाचेची रुंदी आणि जुन्या रबराची जाडी (जिथे झिजलं नाही तिथली, म्हणजे अगदी काठाला) ही तीन मापं घ्या. आमचा तळ पावणेचौदा निघाला, रुंदी एक इंच. आणि पार्सल उघडल्यावर जी रिंग हातात येते ती चाकाच्या मानाने इतकी छोटी दिसते की मला वाटलं चुकीचं पाठवलं, परत करायचा फॉर्मपण उघडला होता. ते छोटंच असतं. ताण त्याच्यातनंच येतो.

आता प्रत्यक्ष काम. रविवार घेतला, दोघं, वाटलं दीड तासात होईल, सकाळी नऊ ते संध्याकाळी चार लागले. त्यातला बसवायचा वेळ दोन्ही चाकं मिळून पाऊण तास. बाकीचं सगळं काढणं आणि साफ करणं.

चाकं न काढताही टायर बदलता येतं, पण खाच नीट साफ करायची असेल तर काढाच. वरचं सर्क्लिप (दांड्यावरची स्प्रिंगची कडी) काढून पटकन निघालं. खालच्याच्या नटाला काकांनी पाना लावला, पान्याला पाइप लावला, पाइपवर मी लटकलो, नट हलेना. डब्ल्यूडी (अडकलेले नट सोडवायचा स्प्रे) टाकून चहा प्यायला, परत लटकलो. मग मला संशय आला आणि बॅटरी मारून आटे बघितले तर उलटे. आम्ही अर्धा तास नट आवळत होतो. सगळ्या मशीनला असं नसतं, पण ताकद लावायच्या आधी आटे बघायला दहा सेकंद लागतात.

जुनं रबर बिस्किटासारखं तुकडे पडत निघालं. त्याखाली गोंदाचा थर, काही ठिकाणी काचेसारखा टणक, काही ठिकाणी चिकट. थिनर, जुन्या छिन्नीने खरवडणं, वायर ब्रश, परत थिनर. चाक आडवं ठेवून मधल्या बेअरिंगवर कापडाचा बोळा बांधला, थिनर आत गेलं तर ग्रीस धुऊन जातं. हे तीन तास चाललं आणि इथेच कंटाळा करायचा मोह होतो, कारण वरनं टायर बसल्यावर दिसणार कोणाला. पण तळाला गोंदाचा एक खडा राहिला तर तो टायरच्या पाठीवर उठून दिसतो, आणि मग आपण नवं टायर लावून जुना धपका परत घेतलेला असतो. नखाने सगळीकडे चाचपून बघितलं. मग नुसतं बीड त्या पेन्सिलीसमोर परत फिरवलं, चाकंच वाकडी असतील तर सगळंच मुसळ केरात. खाचेत फरक जेमतेम पॉइंट एकचा. चाकं चांगली होती.

टायर आंघोळीच्या कडक पाण्यात दहा मिनिटं. उकळत्या नाही. मऊ झाल्यावर चाकाच्या वरच्या टोकाला खाचेत बसवून तिथे दोन क्लॅम्प लावले, खाली कापडाची घडी, आणि दोघांनी दोन बाजूंनी ओढत खाली आलो. शेवटचे चार इंच खरी परीक्षा. स्क्रूड्रायव्हरचं टोक घालायचं नाही, टायरला चीर पडते. आम्ही लाटण्याच्या टोकाने चढवलं. (घरातनं आणलं, परत ठेवताना काकूंनी वास घेतला आणि आता ते लाटणं शेडमधेच असतं.)

बसलं म्हणून टाळ्या वाजवल्या आणि फिरवून बघितलं तर अर्धा मिलिमीटर फरक. नव्या टायरला! ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. क्लॅम्पजवळ टायर न ताणता बसलेलं असतं म्हणून जाड, आणि शेवटी ज्या बाजूला ओढून चढवलं तिथे ताणून पातळ. ताण सगळीकडे सारखा करायला लागतो. त्यासाठी टायर आणि चाकाच्या मधे एक गुळगुळीत गोल सळई घालायची (आमच्याकडे आठ एमएमची होती, थोडं साबणाचं पाणी लावून) आणि ती तशीच ठेवून चाकाभोवती पूर्ण फिरवायची, तीन-चार फेरे, एकदा या दिशेने एकदा त्या. टायर सळईवरनं उचललं जातं आणि परत बसताना आपला ताण वाटून घेतं. नाडा घातलेल्या परकराच्या चुण्या सारख्या करतात अगदी तसं. त्यानंतर पेन्सिल आणि टायरच्या मधे फट दिसेना. कुठे पीळ राहिला नाही ना तेही बघून घेतलं, आणि पाणी वाळायला रात्रभर तसंच ठेवलं.

सोमवारी चाकं चढवली आणि ब्लेड मधोमध राहीना. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. सरळ पट्टी दोन्ही चाकांवर उभी लावली तर वरचं चाक दोन मिलिमीटर मागे. वरच्या चाकामागे एक वॉशर होता, तो काढताना भुशात पडला आणि आम्हाला पत्ताच नाही. काकांनी स्पीकरचा जुना मॅग्नेट दोरीला बांधून भुशात फिरवला तेव्हा सापडला. म्हणून चाक काढताना मागचे वॉशर किती आणि कोणत्या क्रमाने हे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आम्ही लटकण्याचा फोटो काढला होता, वॉशरचा नाही.

मग क्रमाने. गाइड सगळे मागे सारून आधी ताण, मग हाताने फिरवत ट्रॅकिंग, ब्लेड मधे स्थिर झाल्यावरच गाइड जवळ, बाजूचे कागदाच्या जाडीएवढे लांब, मागचं बेअरिंग जेमतेम न लागेल असं. आधी आम्ही उलट करायचो, डुलणाऱ्या ब्लेडला गाइडनेच दाबून सरळ करायला बघायचो, म्हणून तर बेअरिंगं जात होती.

चालू केलं, बंद केलं, आणि दोघंही कान देऊन उभे. चाकं मंदावली, थांबली. नुसता बेल्टचा आवाज. काका काही बोलले नाहीत, आतनं फणसाची एक फळी आणली, पाच इंच उभी, आणि तीन एमएमचा पापुद्रा काढला. व्हर्नियर लावला, वरनं खालपर्यंत फरक पॉइंट तीनच्या आत. ब्लेड तेच, चौथ्या नंबरचं, जे आम्ही खराब म्हणून खिळ्याला टांगलं होतं.

खर्चाचं म्हणाल तर दोन्ही टायर मिळून वाया घालवलेल्या ब्लेडांच्या निम्म्यातही बसले. आणि एक तक्रार उरलीच आहे, ब्लेड अजून किंचित डावीकडे ओढतं. ते बहुतेक ब्लेडच्याच दातांचं, फेन्स (लाकूड टेकवून ढकलायची पट्टी) तेवढी तिरकी लावली की भागतं, आणि हे काकांना सांगायची सोय नाही कारण ते लगेच म्हणतात बघ, मी म्हणत होतो ना ब्लेडच.

याला आता चौदा महिने झाले. खालच्या चाकाला एक बूटपॉलिशचा ब्रश फ्रेमला स्क्रू करून टेकवलाय, भुसा बसायच्या आधीच झाडला जातो, तो ब्रश दोनदा बदलला. संध्याकाळी शेड बंद करताना ब्लेडचा ताण सोडतो आणि मुठीला "ताण सैल आहे" असा पुठ्ठा अडकवतो, कारण एकदा सैल ब्लेडवरच मशीन चालू केलं होतं. ओला फणस चिरला तर त्याच दिवशी टायर पुसतो. खालच्या टायरवर ब्लेडची बारीक रेघ उमटायला लागलीये, नखाला अजून लागत नाही.